आठ इवलेसे व्हॉल्व्ह : मॅन बेटावरची होंडा, १९५९

१/ मार्च १९५४. कंपनी आर्थिक संकटात असतानाच सोइचिरो होंडा यांनी घोषणा केली : ‘आइल ऑफ मॅन टीटी’ या जगद्विख्यात मोटारसायकल शर्यतीत आपण उतरणार. प्रत्यक्षात ते घडायला १९५९ साल उजाडले.

२/ इंजिन दोन सिलिंडरांचे, १२५ सीसी गटातले. नियमामुळे आकार वाढवणे अशक्य. मग ताकद वाढवायची कशी? इंजिनाचा श्वास मोकळा करून. तो श्वास जातो सिलिंडर हेडमधून.

३/ सुरुवातीच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह होते. शर्यतीपूर्वी जपानहून नवी हेड आली आणि बेटावरच बसवली गेली. आता प्रत्येकी चार, एकूण आठ.

४/ याने काय साधले? एका मोठ्या व्हॉल्व्हपेक्षा दोन लहान व्हॉल्व्हचा एकत्रित परीघ अधिक, म्हणून वायूला वाट मोठी. शिवाय ते हलके. मिनिटाला १३,००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला शंभराहून अधिक वेळा उघडतो. जड व्हॉल्व्हला तेथे स्प्रिंग आवरू शकत नाही.

५/ ३ जून. नाओमी तानिगुची सहावे. सहकारी सातवे, आठवे आणि अकरावे. विजय इटलीच्या एमव्ही ऑगस्टाचा, मात्र सांघिक पारितोषिक होंडाचे!

६/ कल्पना नवी नव्हती. प्यूजोने ती १९१२ मध्ये मोटारीत, रज़ने १९२४ मध्ये मोटारसायकलीत वापरली होती. होंडाने ती चिमुकल्या, अतिवेगवान इंजिनात उतरवली. १९६१ च्या टीटीत १२५ आणि २५० या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते.

७/ आपल्या रस्त्यांवरील दुचाकीवर ‘४व्ही’ ही अक्षरे दिसली, तर ही वंशावळ आठवावी.