भैरवगढची साडी

एप्रिल लागला की कचेरीत मी एक बाटिकचा ड्रेस हमखास घालते. "परत तोच?" म्हणून विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहिते.

मूळ ती आईची साडी. महाकालाच्या दर्शनाला ती उज्जैनला गेली होती, तेव्हा भैरवगढला घेतलेली. शिप्रेकाठच्या या वस्तीत छिपा कारागीर पिढ्यानपिढ्या कापड छापतात. सुती कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग ते रंगात बुडवायचं. रंग थंडच हवा, नाहीतर मेण वितळतं. मेणाला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि बारीक रेषांचं जाळं उमटतं. शेवटी उकळत्या पाण्यात मेण उतरवतात. जाळं मात्र दोन कापडांवर सारखं येत नाही. २०२३ साली या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळालं.

आईला मात्र कौतुक दुसऱ्याच गोष्टीचं. मोडलेलं महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभारलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी. "म्हणजे आपले शेणवीच गो!" हे ती येईल त्याला सांगायची.

आई गेल्यावर विरलेली साडी कापून मी ड्रेस शिवून घेतला. गेल्या वर्षी तो काखेत फाटला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या कपड्यांत एक बाटिकची ओढणी मिळाली. शिंपी म्हणाला, "बाई, ठिगळ जुळायचं नाही, दिसेल."

दिसू दे, म्हटलं. तोच ड्रेस आज अंगात आहे.