पाउली स्पिन-ब्लॉकेड

शेजारच्या दोन पुंजबिंदूंमधून (क्वांटम डॉट) वाहणारा विद्युत प्रवाह केवळ इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे अडण्याचा आविष्कार. ओनो, तारुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये तो २००२ साली दुहेरी बिंदूत दाखवून दिला.

पुंजबिंदू म्हणजे अर्धवाहकातला साधारण शंभर नॅनोमीटरचा कप्पा. त्यात अगदी एक-दोन इलेक्ट्रॉनही ठेवता येतात. दोन कप्प्यांमधला विभव-अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनाकडे नसते, तरी टनेलिंगमुळे तो पलीकडे पोहोचतो. स्पिन मात्र जवळजवळ तसाच राहतो. सगळी मेख इथेच आहे.

समजा, उजव्या बिंदूत एक इलेक्ट्रॉन कायमचा आहे आणि डाव्या बिंदूत दुसरा आला. दोघांची जोडी सिंगलेट (स्पिन एकमेकांना छेदणारे, एकूण शून्य) असेल तर डावीकडचा उजवीकडे शिरतो, तिथून एक बाहेर पडतो आणि चक्र चालू राहते. जोडी ट्रिप्लेट (एकूण स्पिन एक) असेल तर पाउलीच्या अपवर्जन तत्त्वामुळे दोघांना उजवीकडच्या सर्वांत खालच्या कक्षकात एकत्र राहता येत नाही, आणि वरच्या कक्षकाला पुरेल इतकी ऊर्जा नसते. इलेक्ट्रॉन डावीकडेच अडकतो. त्याच्या विद्युत प्रतिकर्षणामुळे मागचाही येऊ शकत नाही. व्होल्टेज उलटा केला की प्रवाह विनातक्रार वाहतो, कारण तेव्हा उजवीकडे भरणारी जोडी मुळातच सिंगलेट असते. म्हणजे ही रचना एकदिशकारकही (रेक्टिफायर) ठरते.

ब्लॉकेड पूर्ण बंदिस्त नसतो. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातल्या प्रत्येक अणुकेंद्राला स्पिन असतो आणि एका बिंदूतला इलेक्ट्रॉन अशा सुमारे दहा लाख केंद्रांना स्पर्श करतो. त्यांचे काही मिलिटेस्लाचे विस्कळीत चुंबकीय क्षेत्र दोन्ही बिंदूंत वेगवेगळे असल्याने ट्रिप्लेटमध्ये सिंगलेट मिसळतो आणि थोडा प्रवाह झिरपतो. बाहेरून त्याहून मोठे चुंबकीय क्षेत्र लावले की ही गळती घटते. दोष म्हणून दिसलेली ही गळतीच पुढे अणुकेंद्रांचा प्रभाव मोजायला उपयोगी पडली.

एका इलेक्ट्रॉनाच्या स्पिनचे चुंबकत्व थेट मोजणे फार अवघड. तो कोणत्या बिंदूत आहे हे कळणे त्या मानाने सोपे. ब्लॉकेडमुळे स्पिनचा प्रश्न प्रभाराचा होतो. हार्वर्डमध्ये पेटा व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याच मार्गाने जोडीची अवस्था वाचली. विलग केलेल्या सिंगलेटची सुसंगती सुमारे १० नॅनोसेकंदांत विस्कटते, हे त्यातून दिसले. डेल्फ्टच्या कॉपेन्स व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अडकलेल्या जोडीतला एक स्पिन आंदोलित चुंबकीय क्षेत्राने फिरवला आणि स्पंदाच्या लांबीनुसार प्रवाह वर-खाली होताना पाहिला.

नैसर्गिक सिलिकॉनमध्ये स्पिन असलेली अणुकेंद्रे जेमतेम ४.७ टक्के, त्यामुळे तो त्रास कमी. मात्र तिथल्या ‘व्हॅली’ अवस्थांमधील (इलेक्ट्रॉनाच्या जवळपास सारख्या ऊर्जेच्या अवस्था) ऊर्जाफरक तोकडा असेल तर ट्रिप्लेटलाही वाट मिळते व ब्लॉकेड सुटतो. २०२० मध्ये सिडनी आणि डेल्फ्टच्या गटांनी १ केल्व्हिनच्या वर सिलिकॉन क्यूबिट (पुंज-संगणकाचे मूलघटक) चालवले, तेव्हा वाचनासाठी हाच ब्लॉकेड वापरला.