कारकुनाचा १ जून

वसईतल्या एका शाळेच्या कचेरीत मी उभा जन्म कारकुनी केली. किती पोरांचे वाढदिवस माझ्या टाकाने ठरवले, त्याचा हिशेब वर गेल्यावर द्यावा लागणार आहे. आईबाप टेबलासमोर उभे राहायचे. जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "लावणी चालू होती, साहेब." शाळा जूनमध्ये उघडायची, वय भरलेलं दाखवायचं असायचं, १ जून लिहायचा की मी मोकळा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, असे १ जूनवाले आजोबा सापडतील.

ख्रिस्ती घरातलं पोर असलं की मात्र नावावरून माग लागायचा. पास्कू म्हणजे ईस्टरच्या आसपासचा. बस्त्याव असला तर २० जानेवारी, संत सेबास्टियनचा दिवस. जुझे १९ मार्चचा, इनास ३१ जुलैचा, मिंगेल २९ सप्टेंबरचा. पोर्तुगीज १७३९ मध्ये चिमाजी आप्पांपुढे वसई सोडून गेले, पण त्यांची पंचांगातली नावं आमच्या उंबऱ्याआत राहिली. अर्थात फसगतही व्हायची. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एखादा बस्त्याव ऐन श्रावणात जन्मलेला निघायचा.

'नाताळ' हा शब्दही त्यांचाच. पोर्तुगीजमध्ये 'नाताल' म्हणजे जन्माचा. पण गंमत अशी की चर्चच्या पंचांगात जन्मदिवस फारच थोडे. येशूचा २५ डिसेंबर, मारियामाउलीचा ८ सप्टेंबर, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा २४ जून. बाकी संतांचा सण बहुतेक ते ज्या दिवशी गेले त्या दिवसाचा. जुने ख्रिस्ती लोक हुतात्म्याच्या मरणदिवसालाच लॅटिनमध्ये 'जन्मदिवस' म्हणत. देवाघरचा जन्म तो. यात मराठी माणसाला नवल वाटू नये. तुकोबांची बीज काय, ज्ञानोबांचा आळंदीचा कार्तिकातला सोहळा काय, आपणही निघून गेल्याची तिथीच धरतो.

आमचा गोन्सालो गार्सिया तर याचं नमुनेदार उदाहरण. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. बाप पोर्तुगीज, आई इथली, जन्म वसईचा. पण कुठल्या दिवशी? वर्षसुद्धा १५५६ की १५५७ असं मोघम. माझ्यासारखा कारकून भेटला असता तर तोही १ जूनचा झाला असता. पोरवयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपान. तिथल्या सत्ताधीश हिदेयोशीच्या हुकुमाने नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत हा होता. ती तारीख मात्र पक्की आहे: ५ फेब्रुवारी १५९७. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सगळ्या सव्वीस जणांना संत जाहीर केलं.

एवढी पक्की तारीख, तरी ती जागेवर राहिली नाहीच. ५ फेब्रुवारी संत आगाथाचा. १९६९ मध्ये रोमचं पंचांग नव्याने लावताना या सव्वीस जणांना ६ तारीख मिळाली. रोममध्येही कोणी कारकून असणारच, आणि एका दिवसाच्या रकान्यात गर्दी नको असं त्यालाही वाटलं असेल. मला त्याचा राग येत नाही.

वसईच्या किल्ल्यात गोन्सालोच्या नावाने ओळखलं जाणारं जुनं जेझुइट चर्च आहे. माझे आजोबा गोन्सालोला फार मानायचे. त्यांना स्वतःला संत पीटरचं नाव, म्हणजे २९ जून. त्या दिवशी आजी फुगे, म्हणजे आमचे गोल तळलेले पाव, करायची आणि बाहेर पाऊस कोसळत असायचा. शाळेचा दाखला त्यांनी कधी पाहिलाच नाही. दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही त्यांच्या क्रुसापुढे मेणबत्ती लावतो. क्रुसावर एकच तारीख कोरलेली आहे, गेल्याची. गेल्या वर्षी नातीने विचारलं, "यांचा बर्थडे कुठाय?"

माझाही दाखला माझ्याच हुद्द्यावरच्या एका जुन्या माणसाने भरलेला. १ जूनला सकाळी बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो. फुगे मात्र घरात वेगळ्याच दिवशी होतात.