खानदेशाच्या जुन्या राजधान्या

रोम शहरीं जाऊन संत पेत्राचें महामंदिर पाहावें, लिस्बनला जाऊन टेगस नदीच्या कांठचा बेलेंचा बुरूज पाहावा, अशी इच्छा आपल्यांतील पुष्कळांच्या मनांत असते व ती स्वाभाविकही आहे. रोम ही आपल्या धर्माची राजधानी. आणि लिस्बनच्याच बंदरांतून संत फ्रान्सिस झेवियर १५४१ सालीं हिंदुस्थानाकडे निघाले. परंतु दूरच्या राजधान्यांच्या ओढींत घराजवळच्या राजधान्या पाहावयाच्या राहून जातात. धुळें व जळगांव या जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणांपैकीं किती जणांनीं थाळनेर पाहिलें आहे? बऱ्हाणपूरचें स्टेशन गाडींतून पाहिलेले पुष्कळ असतील. उतरून शहरांत गेलेले थोडे. म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें त्या स्थळांचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांत आपल्या धर्मबंधूंशीं निगडित असा एक प्रसंग आहे. तो शेवटीं सांगूं.

प्रथम थाळनेर. शिरपूर तालुक्यांत तापीच्या कांठीं हें गांव आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानें इ. स. १३७० मध्यें मलिक राजा नांवाच्या सरदारास थाळनेर व करंद हे परगणे जहागीर दिले. पुढें दिल्लीची सत्ता ढिली होतांच तो सरदार स्वतंत्र झाला व त्यापासून खानदेशाचें फारुकी घराणें चाललें. मलिक राजा १३९९ सालीं वारला व थाळनेरासच त्यास पुरण्यांत आलें. त्या घराण्यांतील राजपुरुषांचीं घुमटदार थडगीं तेथें आहेत. त्यांपैकीं एका बहुकोनी थडग्यावरील कोरीव काम मुद्दाम जाऊन पाहण्यासारखें आहे.

थाळनेरच्या किल्ल्याची दुसरी आठवण कडू आहे. १८१८ च्या जानेवारींत मंदसोरच्या तहानें होळकरांनीं हा किल्ला इंग्रजांस देऊं केला. परंतु किल्लेदार तुळशीराम मामा तो सोडीना. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेनें किल्ला घेतला. दरवाजापाशीं झालेल्या गोंधळांत कांहीं इंग्रज अंमलदार मारले गेले, तेव्हां आंतील शिबंदीची सरसकट कत्तल झाली व किल्लेदारास फांशीं देण्यांत आलें. या कृत्याबद्दल पुढें खुद्द इंग्लंडांतही वाद माजला.

धुळ्याहून आग्रा रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे लळिंगचा डोंगर लागतो. रोज पाहण्यांतला म्हणून त्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. परंतु एका राजाचा अंत तेथें झाला आहे. मलिक राजाचा पुत्र नासीरखान यानें असीरगड हस्तगत केला व तापीतीरीं नवें नगर वसविलें. बुऱ्हाणुद्दीन या सूफी साधूच्या नांवावरून त्यास बऱ्हाणपूर म्हणूं लागले; पलीकडच्या तीरावरील जैनाबादेस झैनुद्दीन या दुसऱ्या साधूचें नांव मिळालें. तथापि बहामनी फौजेनें त्या नव्या नगरांतून नासीरखानास पळवून लावलें, तेव्हां त्यानें लळिंगच्या गडाचा आसरा घेतला आणि तेथेंच १४३७ सालीं तो वारला.

आतां बऱ्हाणपूर. भुसावळाहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें शहर लागतें. राज्यव्यवस्थेनें तें मध्यप्रदेशांत असून २००३ सालीं त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु इतिहासानें तें खानदेशाचेंच आहे. तेथील जुम्मा मशीद राजे अलीखान फारुकी यानें १५८९ च्या सुमारास बांधली. दर्शनी बाजूस पंधरा कमानी व दोन टोंकांस दोन उंच मनोरे, अशी तिची शोभा आहे. पण खरें नवल आंत आहे. तेथें अरबी लेखाच्या जोडीस संस्कृत लेख कोरलेला असून त्यांत फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. मुसलमान राजानें आपल्या प्रार्थनामंदिरांत आपल्या हिंदु प्रजेच्या शास्त्रभाषेस जागा दिली, ही गोष्ट खानदेशाच्या रहिवाशांनीं अभिमानानें सांगावी अशी आहे. हाच राजा १५९७ सालीं मोंगलांच्या बाजूनें लढतां लढतां पडला.

याच शहरांत जून १६३१ मध्यें मुमताज महल हिचा अंत झाला. तिचा देह प्रथम जैनाबादच्या बागेंत ठेवला होता. पुढें तो आग्र्यास नेला व त्यावर ताजमहाल उठला. शहरास पाणी पुरविण्यासाठीं १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीम याच्या अमदानींत, सातपुड्याच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनीं आणलें. त्यावर शंभरांहून अधिक विहिरी ओळीनें खणलेल्या आहेत. राजवाडे ढांसळले, पण हें पाणी पुढें शतकानुशतकें शहराच्या कामीं आलें.

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर असीरगड आहे. नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांना जोडणारी सातपुड्यांतील वाट त्याच्या दृष्टीखालून जाते. म्हणून त्यास दक्षिणेचा दरवाजा म्हणत. १६०० सालीं अकबर बादशहा बऱ्हाणपुरांत आला व त्यानें या गडास वेढा घातला. आंत बहादूरखान हा शेवटचा फारुकी राजा होता. बादशहाबरोबर दोन जेझुइट होते. एक, संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच कुळांतील फादर जेरोनिमो झेवियर. दुसरे, ब्रदर बेंतो द गोइश. हे दोघे १५९५ पासून मोंगल दरबारीं होते.

गड कांहीं केल्या पडेना, तेव्हां बादशहानें फादर झेवियर यांस सांगितलें कीं, चौलच्या पोर्तुगीजांस लिहून माझ्यासाठीं तोफा व दारूगोळा मागवा. जेझुइटांच्या वृत्तांतांत असें आहे कीं, फादर झेवियर यांनीं स्पष्ट नकार दिला; अशा कामांत हात घालणें ख्रिस्ती धर्माच्या विरुद्ध होईल, असें ते म्हणाले. बादशहा इतका संतापला कीं, यांनीं गोव्यास चालतें व्हावें, असा हुकूम त्यानें सोडला. कांहीं दिवसांनीं त्याचा राग निवळला व ते राहिले. त्याच वृत्तांतांत हेंही सूचित केलें आहे कीं, खानदेशाच्या राजाशीं पोर्तुगीजांचें सख्य होतें. तेव्हां नकारास राजकारणाचीही जोड होती, हें लपविण्याचें कारण नाहीं.

जानेवारी १६०१ मध्यें गड पडला. कसा पडला याविषयीं दोन मतें आहेत. अबुल फजल म्हणतो, आंत रोगराई माजून लोकांचा धीर सुटला. जेझुइट म्हणतात, सोन्यारुप्यानें दरवाजे उघडले. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यांत झाली. गडांत धर्म सोडलेले सात पोर्तुगीज सांपडले. बादशहा त्यांस देहान्ताच्या योग्य समजत होता. फादर झेवियर यांनीं रदबदली करून त्यांस मागून घेतलें व ते पुन्हां स्वधर्मांत आले, असें त्या वृत्तांतांत आहे. पुढें ब्रदर गोइश बादशहाच्या वकिलाबरोबर गोव्यास गेले. तेच पुढें लाहोराहून मध्य आशिया ओलांडून चीनच्या सरहद्दीपर्यंत पोहोंचले व १६०७ सालीं तेथें वारले.

खानदेशांतील आपल्या लोकांस कधीं कधीं ऐकावें लागतें कीं, तुमचा धर्म या मातीचा नव्हे, तुम्ही काल आलेले. त्यावर कोणी १६०० सालाचा दाखला पुढें करील. आम्हांस तो तसा पुढें करवत नाहीं. जे आले ते जिंकणाऱ्याच्या छावणीबरोबर आले व तिच्याबरोबरच गेले. आपला धर्मग्राम त्यांनीं स्थापिला नाहीं. तो गोवें, वसई, नगर येथून पोटासाठीं आलेल्या कुटुंबांनीं, सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी बांधवांनीं आणि त्यांच्या धर्मगुरूंनीं उभा केला. तरी त्या सालांतील एक गोष्ट आम्हीं आपली म्हणून जपावी: ज्याचें अन्न खात होते त्या बादशहाच्या तोंडावर, खानदेशाच्या गडावर डागण्यासाठीं तोफा मागवून देण्यास एका धर्मगुरूनें नाहीं म्हटलें. त्यांत शुद्ध धर्म किती व राजकारण किती, याचा निवाडा परमेश्वर करो. या भूमीच्या नाशास हात लावण्याचें त्यांनीं नाकारलें, एवढें खरें.

म्हणून आमची सूचना अशी आहे कीं, पुढील सुट्टींत धर्मग्रामांतील तरुणांनीं व शाळेच्या मुलांनीं या स्थळांची सहल काढावी. लळिंग अर्ध्या दिवसांत होतें. थाळनेरास एक दिवस पुरे. बऱ्हाणपूर व असीरगड यांस दोन दिवस लागतील. मशिदींत जोडे काढून जावें, नमाजाची वेळ टाळावी, थडग्यांवर चढूं नये व भिंतींवर नांवें लिहूं नयेत. जाण्यापूर्वीं मुलांस हा इतिहास घरीं सांगून ठेवावा. म्हणजे असीरगडाच्या दरवाजाशीं उभें राहिल्यावर आपण काय पाहत आहों, तें त्यांस कळेल.