दोन आंकड्यांचें बोट

झिरो माइलचा खांब ज्यास ठाऊक नाहीं असा नागपूरकर विरळा. परंतु त्या वालुकाश्माच्या खांबाशेजारीं जो लहानसा दगड आहे, तिकडे थोड्यांचेंच लक्ष जातें. त्रिकोणमितीय सर्वेक्षणानें तो १९०७ सालीं बसविला आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची १०२०.१७१ फूट ठरविली. एखादें स्थान नांवानें न सांगतां आंकड्यांनीं सांगावयाचें, ही कल्पना त्या दगडाच्या मुळाशीं आहे. आज संगणकाच्या पडद्यावर मनुष्याऐवजीं कृत्रिम बुद्धिमत्ताच माउसचें बटण दाबूं लागली आहे. त्याच्याहि मुळाशीं तीच कल्पना आहे. तिचाच इतिहास आज थोडक्यांत पाहावयाचा आहे.

१८०२ सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटच्या परिसरांत सुमारें साडेसात मैलांची एक रेषा साखळीनें मोजली. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन थिओडोलाइटनें घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले कीं त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानें निघतात, आणि त्यांतील प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशी त्रिकोणांची माळ ओवीत लॅम्ब्टन वीस वर्षें खपला. हैदराबादेहून नागपुराकडे येत असतां जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याची कबरहि तेथेंच आहे. पुढें जॉर्ज एव्हरेस्टनें ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्या खात्यांत ‘कॉम्प्युटर’ हें यंत्राचें नव्हे, तर आंकडेमोड करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचें नांव होतें. राधानाथ सिकदार १८३१ सालीं त्याच हुद्द्यावर रुजू झाले.

या कामांत एक नियम कटाक्षानें पाळला जाई. माळ लांबली कीं मध्येंच एक नवी रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजावयाची आणि गणितानें आलेल्या लांबीशीं ती ताडून पाहावयाची. कारण चूक झाली तरी आंकडा स्वतः होऊन बोलत नाहीं. १८०८ सालीं तंजावरच्या देवळावर चढवितांना थिओडोलाइट आदळला व त्याचें वर्तुळ वांकलें. लॅम्ब्टननें सहा आठवडे खपून तें स्वतः दुरुस्त केलें. वांकलेल्या वर्तुळावरहि अंश नेहमींसारखेच वाचतां आले असते; फक्त ते खोटे ठरले असते.

आतां जमिनीवरून पडद्याकडे येऊं. दोन आंकड्यांनीं बिंदु सांगण्याची रीत देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीपासून गणितांत रूढ होत गेली. अमेरिकेंत डग्लस एंगलबार्ट यानें ९ डिसेंबर १९६८ रोजीं सान फ्रान्सिस्को येथें सभेपुढें माउस चालवून दाखविला. त्याच्या पोटांत एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें होतीं. एक आडवी हालचाल मोजी, दुसरें उभी. १९७० सालीं मिळालेल्या पेटंटांत त्यास क्ष-य स्थानदर्शक असेंच म्हटलें होतें.

पुढचा टप्पा अगदीं अलीकडचा. ऑक्टोबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें, आणि जानेवारी २०२५ मध्यें ओपनएआयनें, पडदा पाहून माउस चालविणारी बुद्धिमत्ता लोकांपुढें आणिली. तिची रीत सोपी आहे. ब्राउझरमधील पानाचें चित्र तिला दाखवितात. पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य. तेथून उजवीकडे किती व खालीं किती, असे दोन आंकडे ती सांगते. मग एक लहानसें साधन त्या बिंदूवर बटण दाबून सोडतें. दुसरा मार्ग नांवाचा. पानाच्या मागें जी लेखी रचना असते तींत बटणास नांव किंवा खूण असते; २००४ पासून चालत आलेलें सेलेनियमसारखें साधन त्यावरून बटण शोधतें. पान थोडें सरकलें तरी हा मार्ग सहसा चुकत नाहीं. मात्र नकाशा किंवा चित्र यांच्या पोटांत नांवें नसतात; तेथें आंकड्यांवांचून गति नाहीं.

पण आंकड्यांचा मार्ग निसरडा आहे. समजा, पडदा १२८० टिंबें रुंद आहे आणि बुद्धिमत्तेला दाखविलेलें चित्र त्याच्या निम्मे, ६४० टिंबांचें आहे. चित्रांत ३०० व २०० या जागीं दिसलेलें बटण पडद्यावर ६०० व ४०० या जागीं असतें. ही दुप्पट करावयाची राहिली कीं बोट भलतीकडे पडतें. दुसरा धोका याहून मोठा. चित्र घेतल्यावर आणि बटण दाबण्यापूर्वीं एखादी जाहिरात वर उघडून पान खालीं ढकललें गेलें, तर ‘रद्द करा’ होतें तेथें ‘पैसे भरा’ येऊन बसतें. हिंगणघाट आपल्या जागेवरून हलत नाहीं. पडद्यावरील गांव मात्र क्षणोक्षणीं हलतें.

म्हणून जुन्या सर्वेक्षकांचा नियम येथेंहि लागू पडतो. प्रत्येक क्लिकनंतर नवें चित्र घेऊन, अपेक्षिलें तेंच घडलें काय, हें पाहावयास हवें. आणि जें एकदां झालें कीं परत फिरवितां येत नाहीं, म्हणजे पैसे देणें, कागद पुसून टाकणें, अर्ज दाखल करणें, तेथें यंत्रानें थांबून माणसास विचारलें पाहिजे. उद्यां आपल्या घरांतील आजोबांच्या निवृत्तिवेतनाचा अर्जहि कदाचित् असाच भरला जाईल. तो भरणाऱ्या यंत्राचें बोट चुकलें, तर त्याचा भुर्दंड यंत्रास नव्हे, आजोबांस सोसावा लागेल. तेव्हां असें साधन घरांत घेतांना तें किती चपळ आहे हें विचारण्याआधीं, तें आपली मोजणी केव्हां व कशी पडताळतें, हें आपण विचारावें.