खोल समुद्र आणि नौदल : प्रस्तावना

१० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी केप कॉडच्या पूर्वेला खोल बुडीची चाचणी द्यायला गेली आणि वर आलीच नाही. आत १२९ माणसे होती, खाली सुमारे अडीच हजार मीटर पाणी. जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलाला आपली बोट नेमकी कुठे पडली आहे हे शोधण्यात सगळा उन्हाळा घालवावा लागला. या ग्रंथाचा विषय स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभा राहिला तो या नामुष्कीतून. त्याआधीही पाण्याखालचे आवाज टिपण्यासाठी नौदलाने खोलवर कान लावले होते. पण तिथे जाऊन काही पाहावे, उचलावे, दुरुस्त करावे, ही गरज कोणाला फारशी भासली नव्हती.

शोधाला हाताशी होती ती ‘त्रिएस्ते’ ही खोल बुडीची नौका. जानेवारी १९६० मध्ये तिने झाक पिकार आणि डॉन वॉल्श यांना मरियाना गर्तेच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली नेऊन सुखरूप वर आणले होते. तिची रचना पाहण्यासारखी आहे. वर पेट्रोलने भरलेली लांबलचक टाकी, खाली लटकणारा पोलादी गोळा, त्यात अवघडून बसलेली माणसे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते उचलून धरणार. सोबत लोखंडी छऱ्यांचे ओझे, वर यायचे झाले की ते तळाशी सोडून द्यायचे. विक्रमासाठी ही युक्ती झकास, पण विखुरलेले अवशेष धुंडाळायला हे वाहन फारच बोजड आणि संथ. तरीही ऑगस्टमध्ये तिच्या यांत्रिक हाताने नळीचा एक तुकडा उचलून आणला. त्यावर ‘५९३’ हा थ्रेशरचा क्रमांक होता.

चौकशीत सर्वाधिक संशय आला तोही नळ्यांच्याच जोडांवर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. एवढ्या दाबाखाली एखादा डाग दिलेला जोड सुटला की पाणी गळत नाही, ते फवाऱ्यासारखे घुसते आणि विजेची यंत्रणा निकामी करते. त्यातून ‘सबसेफ’ ही तपासणीपद्धत आली. वाचकांना ती कदाचित रटाळ कागदपत्रांची वाटेल. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोलाची निर्मिती तीच.

बचावाचे तंत्रही याच घटनेनंतर बदलले. १९३९ मध्ये बुडालेल्या ‘स्क्वॅलस’ पाणबुडीतल्या ३३ जणांना पोलादी घंटेतून वर काढले होते, पण ती बोट जेमतेम ७५ मीटरवर होती. १९७० नंतर आलेल्या ‘मिस्टिक’ आणि ‘ॲव्हलॉन’ या बचाव-पाणबुड्या पंधराशे मीटरपर्यंत जाऊ शकत. प्रत्यक्ष अपघातातून त्यांनी एकाही माणसाला वाचवले नाही, कारण प्रसंगच आला नाही. शोधकार्याचे तसे झाले नाही. १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ हायड्रोजन बॉम्ब समुद्रात पडला, तेव्हा ‘ॲल्विन’ या छोट्या पाणबुडीने तो शोधला आणि ‘कर्व्ह’ या दूरनियंत्रित यंत्राने वर काढला. तो पडताना एका कोळ्याने पाहिले होते. त्याची साक्षही कामी आली. (यंत्रांच्या इतिहासात कोळ्यांची नावे सहसा तळटीपेत जातात.)

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. माझगाव डॉकमध्ये पाणबुड्या बांधल्या जातात, अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी इंधनघटावर काम चालते, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अरबी समुद्राचे तापमान आणि क्षारता मोजली जाते. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत नौदलाची पहिली बचाव-पाणबुडी दाखल झाली. तिची मर्यादा ६५० मीटर. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ ही पाणबुडी ५३ जणांसह बुडाली, तेव्हा भारताने विशाखापट्टणमहून अशीच बचाव-पाणबुडी धाडली. नांगालाचे तुकडे सापडले ८३८ मीटरवर. बचावाचा प्रश्नच उरला नव्हता.

शोध असो की बचाव, पाण्यात रेडिओलहरी चटकन विरतात, उजेडही फार खाली पोचत नाही. खाली कारभार चालतो तो ध्वनीचा. तापमान आणि दाब यांच्या खेळामुळे एका ठरावीक खोलीवर ध्वनीचा वेग सर्वांत कमी असतो आणि त्या पट्ट्यात अडकलेला आवाज हजारो किलोमीटर जातो. मॉरिस युइंग यांनी १९४४ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पुष्कळ समुद्रांत हा पट्टा हजार मीटरच्या आसपास असतो, अरबी समुद्रात त्याहून बराच खाली. म्हणजे अटलांटिकसाठी मांडलेली गणिते इथे जशीच्या तशी चालत नाहीत, आणि नव्या अभ्यासकाला कामाची खरी जागा इथेच आहे. पुस्तकाचे दुसरे प्रकरण ध्वनीवर आहे. समीकरणे पाहून ते गाळू नका. पाणबुड्यांची प्रकरणे नंतर वाचली तरी चालतील.