हिल रोडचा फूटपाथ आणि शिक्षेचा हिशेब

२८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्याच्या हिल रोडवर एक टोयोटा लँड क्रूझर फूटपाथवर चढली आणि एका लाँड्रीच्या पायऱ्यांवर जाऊन आदळली. तिथे बेकरीत काम करणारे मजूर झोपले होते. एक जण जागीच ठार झाला, चौघे जखमी झाले. गाडी अभिनेता सलमान खानची होती. पुढची तेरा वर्षे हा खटला चालला आणि आजही त्याचा विषय निघाला की घरोघरी दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘मोठा माणूस म्हणून सुटला.’ दुसरा म्हणतो, ‘मोठा माणूस म्हणूनच इतका छळला गेला.’

दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे तथ्य आहे. पण दोघेही फक्त शेवटच्या निकालाकडे पाहतात. प्रसिद्ध माणसाला योग्य शिक्षा होते की नाही, याचे उत्तर शिक्षेच्या आकड्यात सापडत नाही. त्या आकड्यापर्यंत खटला कोणत्या वाटेने आला, ते पाहावे लागते.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी वेगळे कलम नव्हते. १८७० मध्ये ‘३०४ अ’ जोडले गेले. तेव्हा रस्त्यावर मोटारी नव्हत्या, टांगे आणि बैलगाड्या होत्या. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे, गुन्हा जामीनपात्र, खटला मॅजिस्ट्रेटपुढे. त्याच्या शेजारी ‘३०४ भाग दोन’, म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव असताना केलेले कृत्य. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, खटला सत्र न्यायालयात. दारू पिऊन, भरधाव गाडी चालवून माणूस मारला तर ती हयगय की जाणीव? या एका प्रश्नावर दोन आणि दहा वर्षांमधली सगळी लढाई होते. ती लढायला वकील लागतात, वेळ लागतो आणि पैसा लागतो.

हिल रोडच्या प्रकरणात ही लढाई पूर्ण झाली. आधी ‘३०४ अ’ लागले आणि जामीन मिळाला. लोकक्षोभ वाढल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये ‘३०४ भाग दोन’ लागले आणि सलमानने जेमतेम अडीच आठवडे कोठडीत काढले. पत्रकार निखिल वागळे यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबासाठी आणि जखमींसाठी १९ लाख रुपये जमा करायला लावले. २००३ मध्ये उच्च न्यायालयाने मोठे कलम काढले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, कलम कोणते ते खटल्याच्या योग्य टप्प्यावर मॅजिस्ट्रेटने ठरवावे. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच मोठे कलम परत आले आणि खटला सत्र न्यायालयात नव्याने सुरू झाला.

या दहा वर्षांत पुराव्याचे काय झाले? सलमानचा पोलीस अंगरक्षक त्या रात्री गाडीत होता. पहिली फिर्याद त्याचीच. साक्षीच्या तारखांना तो गैरहजर राहू लागला, तेव्हा त्यालाच अटक झाली. पुढे नोकरी गेली. ऑक्टोबर २००७ मध्ये शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात तो मरण पावला. आरोपी जामिनावर बाहेर आणि साक्षीदार तुरुंगात, हे चित्र या खटल्याने दाखवले.

६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन मिळाला आणि दोन दिवसांनी शिक्षेला स्थगिती. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. गाडी कोण चालवत होते आणि चालवणारा प्यायलेला होता का, हे निःसंशय सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने म्हटले. अंगरक्षकाने पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख केला नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. मोठ्या कलमाखाली उलटतपासणी घ्यायला तो हयात नव्हता. रक्तात १०० मिलिलिटरमागे ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याचा अहवाल होता, कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. पण त्या नमुन्याच्या हाताळणीवरच शंका उभी राहिली. गाडीतल्या एका गायकाची साक्ष सरकार पक्षाने घेतलीच नाही. राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

शंकेचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे. हा नियम नटासाठी सैल झाला म्हणून गरिबासाठी आवळावा, असे कुणी म्हणू नये. पण शंका आपोआप तयार होत नाही. ढिला तपास आणि लांबलेल्या तारखा ती तयार करतात.

हा प्रश्न फक्त नटांचा आहे का? २००६ मध्ये वांद्र्यातच, कार्टर रोडवर, एका श्रीमंत घरातल्या तरुणाच्या गाडीखाली फूटपाथवर झोपलेले सात मजूर मेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले. ओरड झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि तीन वर्षे केली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे अपघात ते अंतिम निकाल सव्वापाच वर्षे लागली. दुसरीकडे नवज्योत सिंग सिद्धूचे प्रकरण पाहा. १९८८ मध्ये पतियाळात गाडीवरून झालेल्या भांडणात एक वृद्ध मेला. २०१८ मध्ये एक हजार रुपये दंड झाला आणि २०२२ मध्ये फेरविचार होऊन एक वर्ष कैद. चौतीस वर्षांत तो क्रिकेटपटूचा समालोचक, खासदार आणि मंत्री झाला. शिक्षा झाली, पण सगळी कारकीर्द उपभोगून झाल्यावर.

२०१५ च्या निकालानंतर एका पार्श्वगायकाने फूटपाथवर झोपणाऱ्यांची तुलना कुत्र्यांशी केली. याच मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात बसवला होता. माणूस हौसेने पदपथावर झोपत नाही, काम तिथे असते म्हणून झोपतो. हिल रोडवर मेलेला मजूर आणि गाडीचा मालक, दोघेही मुसलमान होते. तरी या खटल्यात धर्म शोधणारे कमी नव्हते. अंतर होते ते पायरीवर झोपणाऱ्यात आणि गाडीत बसणाऱ्यात.

आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजी मृत्यूची शिक्षा पाच वर्षांवर गेली आहे. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद केली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव मारेल, पळालो तर कायदा. ती तरतूद अजून लागू झालेली नाही. ट्रकचालकाची भीती खरी आहे, कारण संध्याकाळपर्यंत जामीन मिळवून देणारा वकील त्याच्याकडे नसतो. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तिथे तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली.

म्हणून शिक्षेची वर्षे वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. नमुना त्याच रात्री, साक्षीदारांच्या समोर सीलबंद व्हावा. साक्षीदाराची नोकरी आणि जीव दोन्ही सांभाळले जावेत. कोणते कलम लागणार हे पहिल्या वर्षातच ठरावे. एवढे झाले तर नटाला तीन वर्षे मिळोत किंवा निर्दोष सुटका, लोक ती मान्य करतील. हिल रोडवर एक माणूस मेला, हे कुणी नाकारत नाही. गाडी कोण चालवत होते, याचे सिद्ध झालेले उत्तर मात्र तेरा वर्षांच्या खटल्यातून त्याच्या घरच्यांच्या हाती आले नाही.